विश्लेषण : दुकान ऑनलाइन, दुरुस्तीही दुरून... पण चाव्या कोणाकडे?

समजा, दिवाळीला तीन आठवडे उरले आहेत आणि फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका महिला बचत गटाचे संकेतस्थळ अचानक उघडेनासे झाले. चौकशी केल्यावर कळते की, संकेतस्थळाच्या नावाची, म्हणजे डोमेनची मुदत संपली आहे. नूतनीकरणाच्या सूचना दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या तरुणाच्या ई-मेलवर जात होत्या. तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे आणि फोन उचलत नाही. त्यातच गटाचा हिशेब ज्या संगणकात आहे, तो मंदावला म्हणून मध्यंतरी कोणीतरी दुरूनच ‘साफ’ करून दिला होता. त्या वेळी टाकलेले ॲप अजूनही त्यात सुरू आहे आणि त्याचा पासवर्ड गटातील एकीलाही ठाऊक नाही.

या प्रसंगात अद्याप कोणी कोणाला फसवलेले नाही. तरीही दुकान आणि गल्ला या दोन्हींच्या चाव्या मालकिणींकडे नाहीत. ऑनलाइन दुकान आणि दुरून होणारी संगणक दुरुस्ती या दोन्ही सोयी आता लहान व्यावसायिकांच्या रोजच्या झाल्या आहेत. दोन्हींत काम करणारा माणूस समोर नसतो आणि दोन्हींत आपल्या मालकीच्या जागेत त्याला प्रवेश द्यावा लागतो. हा प्रवेश कसा द्यावा, किती द्यावा आणि काम झाल्यावर परत कसा घ्यावा?

ऑनलाइन दुकानाच्या ‘चाव्या’ कोणत्या?

बाजारपेठेतील गाळा घेताना भाडेपत्र कोणाच्या नावावर, वीजमीटर कोणाचा, कुलपाच्या किल्ल्या किती, हे प्रश्न आपसूक विचारले जातात. ऑनलाइन दुकानातही अशाच पाच गोष्टी असतात. पहिली डोमेन, म्हणजे दुकानाचा पत्ता. दुसरी होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले आहे ती भाड्याची जागा. तिसरी ‘ॲडमिन’ खाते, ज्यातून मालाच्या किमती, छायाचित्रे आणि ऑर्डर हाताळल्या जातात. चौथी पेमेंट गेटवेचे खाते, ज्यातून ग्राहकांनी भरलेले पैसे बँकेत जमा होतात.

पाचवी गोष्ट सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात महत्त्वाची. ती म्हणजे या चारही खात्यांना जोडलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक. पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड याच ई-मेलवर किंवा क्रमांकावर मिळतो. त्यामुळे उरलेल्या चारही कुलपांची ही मूळ किल्ली ठरते. अनेकदा संकेतस्थळ बनवून देणारा सोयीसाठी स्वतःचाच ई-मेल आणि क्रमांक टाकतो. मालकालाही तेवढीच कटकट कमी झाल्याचे समाधान असते. अडचण उद्भवते ती संबंध बिघडल्यावर, माणूस गाव सोडून गेल्यावर किंवा त्याचे स्वतःचे ई-मेल खाते कोणी पळवल्यावर.

डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे कसे तपासावे?

डोमेनची नोंद ‘हूइज’ नावाच्या सार्वजनिक शोधसुविधेत पाहता येते. मात्र गोपनीयतेच्या कारणास्तव त्यात मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. त्यामुळे खरी कसोटी साधी आहे. ज्या कंपनीकडून डोमेन घेतले, तिच्या संकेतस्थळावर स्वतःच्या ई-मेलने प्रवेश करता येतो का आणि नूतनीकरणाचे बिल स्वतःच्या नावावर येते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर डोमेन व्यवहारात दुसऱ्याचेच आहे.

मुदत संपल्यावर डोमेन लगेच हातचे जात नाही. ‘डॉट कॉम’सारख्या डोमेनला नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून काही दिवसांची सवलत मिळते. ते डोमेन रद्द झाले, तरी ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ असतो. त्या काळात ते परत मिळवता येते, पण त्यासाठी नेहमीच्या शुल्कापेक्षा बरीच जास्त रक्कम मोजावी लागते. तोही काळ उलटला की ते नाव कोणालाही विकत घेता येते. विशेष म्हणजे या सवलतीचा लाभ खातेधारकालाच घेता येतो. ग्राहकांच्या पाकिटांवर, फलकांवर आणि भेटकार्डांवर वर्षानुवर्षे छापलेला पत्ता दुसऱ्याच्या हाती जाणे, हे कोणत्याही लहान दुकानाला न परवडणारे नुकसान आहे.

उपाय फार खर्चिक नाही. डोमेन आणि होस्टिंग मालकाने स्वतःच्या ई-मेलने, स्वतःच्या कार्डाने घ्यावे आणि बनवणाऱ्याला वेगळे खाते द्यावे. ‘शॉपिफाय’सारख्या सेवेत मालकाचे खाते वेगळे असते आणि बाहेरच्या विकासकाला ‘कोलॅबोरेटर’ म्हणून मर्यादित प्रवेश देता येतो. ‘वर्डप्रेस’वर चालणाऱ्या ‘वूकॉमर्स’मध्ये ऑर्डर सांभाळणाऱ्यासाठी ‘शॉप मॅनेजर’ ही भूमिका पुरेशी असते. त्याला पूर्ण ‘ॲडमिन’ करण्याची गरज नसते. एकच पासवर्ड चौघांत वाटण्यापेक्षा चौघांना चार खाती दिली, तर एकाचा प्रवेश बंद करताना उरलेल्या तिघांचे काम अडत नाही. शिवाय कोणी काय बदलले, हेही शोधणे सोपे जाते.

एकच चावी हरवल्याने काय होऊ शकते?

याचे सर्वाधिक बोलके उदाहरण एका मोठ्या कंपनीचे आहे. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश एअरवेज’च्या संकेतस्थळावर तिकीट काढणाऱ्यांच्या कार्डांचे तपशील चोरीला गेले. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या निष्कर्षानुसार चार लाखांहून अधिक ग्राहक आणि कर्मचाऱ्यांना याचा फटका बसल्याची शक्यता होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला.

हल्लेखोर आत शिरले, ते मालवाहतूक हाताळणाऱ्या एका बाह्य कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या दूरस्थ प्रवेशाच्या खात्यातून. या प्रवेशाला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. आत गेल्यावर त्यांना एका सर्व्हरवरील फाइलमध्ये अधिकाराच्या मोठ्या खात्याचा पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेला सापडला. शेवटी त्यांनी संकेतस्थळाच्या स्क्रिप्टमध्ये जेमतेम २२ ओळी घुसडल्या. ग्राहक कार्डाचा तपशील भरत, तेव्हा त्याची एक प्रत गुपचूप हल्लेखोरांच्या संकेतस्थळावर जाई. तिकीट मात्र नेहमीप्रमाणे निघे. त्यामुळे ग्राहकाला शंका येण्याचे कारणच नव्हते.

दूरस्थ प्रवेशाची एक ढिली कडी थेट दुकानाच्या गल्ल्यापर्यंत कशी पोहोचवते, हे या प्रकरणातून दिसते. तीन चुका लहान दुकानातही सर्रास आढळतात. बाहेरच्या माणसाला दिलेला प्रवेश, त्यावर दुसऱ्या पडताळणीचा अभाव आणि साध्या फाइलमध्ये लिहिलेले पासवर्ड. अनेक ठिकाणी ती फाइल संगणकाच्या डेस्कटॉपवर असते आणि तिचे नावही ‘पासवर्ड’ असेच असते.

दुकानाची मांडणी कशी असावी?

मांडणी म्हटले की रंग, बोधचिन्ह आणि सरकती छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात. विक्रीवर परिणाम होतो तो मात्र साध्या गोष्टींचा. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या डेन्मार्कच्या ‘बेमार्ड’ या संशोधन संस्थेच्या संकलनानुसार, टोपलीत माल टाकल्यावर सुमारे ७० टक्के वेळा खरेदी पूर्ण न करताच ग्राहक निघून जातात. केवळ बघायला आलेल्यांना वगळले, तर त्याचे सर्वात मोठे कारण शेवटच्या पानावर वाढलेला खर्च हे आहे. म्हणजे ४५० रुपयांची चकली पाहून आलेल्या ग्राहकाला पैसे भरताना ५६० रुपये दिसले, की विश्वास तिथेच तुटतो. घरपोच शुल्क मालाच्या पानावरच लिहिणे, पिनकोड टाकताच ते दाखवणे किंवा किमतीत धरूनच सांगणे हा त्यावरचा उपाय.

दुसरी बाब वेगाची. पानावरील मुख्य मजकूर किंवा छायाचित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे, असा ‘गूगल’चा निकष आहे. लहान दुकानांचे संकेतस्थळ मंदावते ते बहुतेकदा छायाचित्रांमुळे. फोनने काढलेले तीन-चार एमबीचे छायाचित्र तसेच चढवले जाते आणि अशी वीस छायाचित्रे एका पानावर येतात. तेच छायाचित्र लहान करून ‘वेबपी’ स्वरूपात दीड-दोनशे केबीमध्ये बसते आणि फोनच्या पडद्यावर फरक जाणवतही नाही. पान तपासायचे ते कार्यालयातील वायफायवर नव्हे, तर साध्या फोनवर आणि मोबाइल डेटावर. ग्राहक ते तसेच पाहणार असतो.

तिसरी बाब, खाते उघडण्याची सक्ती नको. नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक एवढ्यावर ऑर्डर घेता आली पाहिजे. जितकी माहिती कमी गोळा केली, तितकी सांभाळण्याची जबाबदारीही कमी. चौथी बाब, परताव्याचे नियम सोप्या मराठीत आणि एका पानात. पाचवी बाब ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची. या पद्धतीत ग्राहकाने पार्सल नाकारले, तर ते परत येते आणि जाण्या-येण्याचा खर्च बहुधा विक्रेत्याच्या माथी पडतो. कुरिअरच्या भाषेत याला ‘आरटीओ’ म्हणतात आणि त्याचा वाहन परवान्याशी काही संबंध नाही! माल पाठवण्यापूर्वी एक फोन किंवा संदेश करून पत्ता पक्का करणे, हा यावरचा स्वस्त उपाय.

पैसे स्वीकारताना काय पाहावे?

कार्डाचे तपशील दुकानाने स्वतःकडे ठेवायचेच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याशिवाय कोणालाही कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ वापरले जाते. त्यामुळे ‘कार्डची माहिती आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवू, म्हणजे ग्राहकाला पुन्हा टाकावी लागणार नाही,’ असे कोणी सुचवले, तर तो सल्ला बेकायदा आहे. पैसे भरण्याचे काम पेमेंट गेटवेच्या पानावरच होऊ द्यावे.

गेटवेच्या खात्याला जोडलेला बँक खाते क्रमांक महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहावा. तो बदलला गेला, तर ऑर्डर येत राहतात आणि पैसे दुसरीकडे जात राहतात. संकेतस्थळ आणि गेटवे यांना जोडणारी ‘एपीआय की’ हीदेखील एक चावीच आहे. विकासकाचे काम संपले की जुनी की रद्द करून नवी तयार करावी. यूपीआयने पैसे आल्याचा ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. खात्यात रक्कम दिसली, तरच पार्सल निघावे. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे दुकान सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे.

लहान दुकानालाही कायदा लागू होतो?

होतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे हौसेखातर कधीतरी एखादी वस्तू विकणाऱ्याला लागू नाहीत. नियमित व्यवसाय करणाऱ्याला मात्र आहेत. त्यानुसार दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. सर्व शुल्कांसह एकूण किंमत एका आकड्यात दाखवणे आणि तिची फोड देणेही अपेक्षित आहे. ग्राहकाच्या संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही आवश्यक असते.

याशिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव ब्रिटिश डिझाइनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिले. भारतीय तत्त्वांत असे १३ प्रकार नोंदवले आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत नकळत टाकलेली देणगी किंवा विमा, शेवटी वाढणारी किंमत, रद्द करता न येणारी वर्गणी ही त्यातील काही उदाहरणे. ही तत्त्वे मोठ्या मंचांप्रमाणेच विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत.

लहान दुकानदार येथे नकळत अडकू शकतो. तयार ‘थीम’ आणि प्लगइनमध्ये उलटी मोजणारी घड्याळे, ‘आत्ताच कोणीतरी पुण्यातून खरेदी केली’ अशा खोट्या पट्ट्या सुरू करण्याची सोय असते. विकासक विक्री वाढेल म्हणून ती चालू करून देतो. जबाबदारी मात्र दुकानाची राहते. संकेतस्थळ ताब्यात घेताना ‘यात आपोआप चालणारे काय काय आहे?’ असे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

याच यादीतील तेरावा प्रकार वाचकांना चकित करणारा आहे. संगणकात विषाणू शिरल्याची खोटी भीती दाखवून तो काढण्यासाठी पैसे उकळणे, हाही ‘डार्क पॅटर्न’ मानला आहे. दुकानाच्या मांडणीचा प्रश्न येथे संगणक दुरुस्तीच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

दूरस्थ दुरुस्ती चालते कशी?

‘टीमव्ह्यूअर’, ‘एनीडेस्क’, ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ किंवा विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ या साधनांचे तत्त्व एकच आहे. आपल्या पडद्याचे चित्र इंटरनेटवरून तंत्रज्ञाकडे जाते आणि त्याने हलवलेला माउस, दाबलेल्या कळा आपल्या संगणकापर्यंत येतात. जोडणीसाठी एक क्रमांक किंवा सांकेतांक लागतो आणि संगणकासमोर बसलेल्याला परवानगी द्यावी लागते. परवानगीनंतर मात्र तंत्रज्ञ जवळजवळ तेच करू शकतो, जे समोर बसलेला माणूस करू शकतो.

बिघड सॉफ्टवेअरचा असेल, तर ही सोय उत्तम आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन न ओळखणे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी, ब्राउझरमध्ये शिरलेली अनाहूत जाहिरात, संगणक सुरू होताना एकदम उघडणारे पंधरा प्रोग्राम, ही कामे तासाभरात होतात. तंत्रज्ञाच्या येण्या-जाण्याचा खर्च आणि दिवस वाचतो. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांसाठी तर हा मोठाच आधार आहे.

जिथे संगणक सुरूच होत नाही, इंटरनेट नाही किंवा यंत्राचा भागच निकामी झाला आहे, तिथे दुरून काही करता येत नाही. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर दुरून ‘स्कॅन’ करून घेण्याऐवजी संगणक बंद करून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावा. अशी डिस्क जितकी चालवावी, तितकी आतील माहिती धोक्यात येते.

धोका नेमका कुठे आहे?

ही साधने स्वतः वाईट नाहीत. धोका परवानगी कोणाला दिली आणि ती कधी संपली, यात आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना इशारा दिला होता, की ग्राहकांना ‘एनीडेस्क’ टाकायला लावून, नऊ अंकी सांकेतांक मागून मोबाइलचा ताबा घेतला जातो आणि यूपीआयद्वारे पैसे काढले जातात. मे २०२४ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने ‘क्विक असिस्ट’च्या गैरवापराची माहिती जाहीर केली. त्यात मदत कक्षातून बोलत असल्याचे भासवून कंपन्यांच्या संगणकांत खंडणीखोर सॉफ्टवेअर घुसवले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सीबीआय’ने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभर छापे घातले. त्यात ‘ॲमेझॉन’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट’च्या तक्रारींवरून, तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरवरही कारवाई झाली.

फसवणुकीची पद्धत ठरलेली असते. ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण पडदा व्यापणारी सूचना येते, भोंगा वाजतो आणि एक फोन क्रमांक दिसतो. विंडोजच्या खऱ्या त्रुटीसूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ‘कंट्रोल-शिफ्ट-एस्केप’ दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. फोन केल्यास पलीकडचा माणूस ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगतो. त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी दिसतात आणि माणूस घाबरतो. वास्तविक अशा नोंदी कोणत्याही निरोगी संगणकात असतात. दुसरी युक्ती ‘परताव्या’ची. तंत्रज्ञ बँकेचे पान उघडायला लावतो, ब्राउझरमधील साधनाने पानावरचा आकडा तात्पुरता बदलतो आणि ‘चुकून जास्त पैसे आले, परत करा’ म्हणून गयावया करतो. खात्यात काहीच आलेले नसते. पान पुन्हा उघडले, की खरा आकडा दिसतो.

दुरुस्ती करून घेताना काय पाळावे?

पहिला नियम, फोन आपण करायचा. आपण न बोलावता आलेला तंत्रज्ञ खरा नसतो. क्रमांकही शोधयंत्रात जो पहिला दिसेल तो नव्हे, तर बिलावरचा, खोक्यावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा घ्यावा. दुसरा, सुरुवातीपूर्वी बँकेची पाने, ई-मेल आणि खासगी कागद बंद करावेत. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. तिसरा, काम सुरू असताना पडद्यासमोरून उठू नये. काही साधनांत समोरचा पडदा काळा करण्याची सोय असते. पडदा अचानक काळा झाला, तर इंटरनेटची वायर काढावी किंवा राउटर बंद करावा. चौथा, काम चालू असताना ओटीपी, पिन किंवा बँकेचा पासवर्ड टाकायचा नाही. मोबाइलचा पडदा दाखवणे तर अधिक जोखमीचे, कारण ओटीपीचे संदेश समोरच्याला थेट दिसतात.

साधन निवडतानाही फरक पडतो. ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’मध्ये एकदाच वापरता येणारा १२ अंकी सांकेतांक मिळतो आणि दर ३० मिनिटांनी ‘पुढे चालू ठेवायचे का?’ अशी विचारणा होते. ‘क्विक असिस्ट’मध्ये पडदा दाखवणे आणि माउसचा ताबा देणे यांची परवानगी वेगवेगळी मागितली जाते. केवळ बघून सांगण्यासारखे काम असेल, तर ताबा देण्याची गरजच नाही. याउलट काही साधनांत कायमचा पासवर्ड ठेवून मालकाच्या अनुपस्थितीतही आत येण्याची सोय असते. ठरावीक मासिक देखभालीचा लेखी करार नसेल, तर ती सुरू ठेवू नये.

काम संपल्यावर ते ॲप काढून टाकावे. ब्राउझरमध्ये नवे एक्स्टेंशन, संगणकात नवे वापरकर्ता खाते आणि ई-मेलमध्ये संदेश दुसरीकडे पाठवणारा नवा नियम आहे का, ते पाहावे. काय काय केले, याच्या चार ओळी बिलावर लिहून मागाव्यात. चांगला तंत्रज्ञ याला आक्षेप घेत नाही, उलट पुढील वेळी त्यालाही त्याचा उपयोग होतो.

जुन्या संगणकांचे काय?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय आहे. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दुकानातील अनेक जुने संगणक त्यात बसत नाहीत. ‘कसेही करून टाकून देतो’ असे म्हणणाऱ्याला, पुढची अद्यतने मिळतील का, हे आधी विचारावे.

येथेही चावीचा प्रश्न येतो. नव्या विंडोज ११ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’च्या खात्याने संगणक सुरू केला, की अनेकदा त्याची डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि ती उघडण्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते. तंत्रज्ञाने सोयीसाठी स्वतःचे खाते वापरले असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात राहते. पुढे कधी संगणकाने ती मागितली, तर स्वतःच्याच हिशेबासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणून खाते स्वतःचे वापरावे आणि किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

फसवणूक झालीच तर?

सर्वप्रथम इंटरनेट तोडावे. मग बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी ते गोठवता यावेत, यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. लाजेखातर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबणे म्हणूनच महागात पडते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून, आणि सुरुवात ई-मेलपासून.

मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. पण परवानगी कशासाठी आणि कधीपर्यंत दिली होती, हे कुठेच लिहिलेले नसेल, तर ते सिद्ध करणे अवघड होते.

तंत्रज्ञावर विश्वास ठेवायचाच नाही का?

ठेवायलाच हवा. संकेतस्थळ करून देणारे तरुण आणि गावोगावचे संगणक दुरुस्त करणारे यांच्याशिवाय लहान व्यावसायिकांचे पान हलत नाही आणि त्यातील बहुतेक जण प्रामाणिकच असतात. चाव्या मालकाकडे असणे त्यांच्याही सोयीचे आहे, कारण उद्या काही बिघडले तर संशयाचे बोट त्यांच्याकडे वळत नाही. त्यासाठी एका वहीत पाच ओळी पुरतात. डोमेन, होस्टिंग, ॲडमिन, पेमेंट आणि ई-मेल यांपैकी प्रत्येक खाते कोणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते आणि सध्या आणखी कोणाला प्रवेश आहे, एवढेच लिहायचे. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहायचे नाहीत. ज्या ओळीपुढे नाव लिहिताना हात अडखळेल, त्या खात्याची चौकशी दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधीच करावी.